काटेमास्तरांची शनिवारची बाटली

“…आणि या पेल्याबद्दलही, प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो,” काटेमास्तर डोळे मिटून म्हणाले.

“आमेन,” दारातून भरदार आवाज आला.

दारात चर्चचे पाळकसाहेब उभे होते. प्रार्थना संपली की आमेन म्हणायची तीस वर्षांची सवय. कशाबद्दल म्हटलं, ते त्यांनी नंतर पाहिलं. टेबलावर बिअरची एक बाटली होती, दोन पेले होते आणि त्या बाटलीला आता मंडळीची अधिकृत मान्यता मिळाली होती.

काटेमास्तर दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करत. शनिवारी संध्याकाळी हात घासून धुवायचे, खिळ्यावरचं ओपनर काढायचं, एक बाटली उघडून दोघांत वाटायची. गावभराची मापं नीट करणाऱ्या या माणसाच्या ओतण्यावर बायकोचा मात्र बत्तीस वर्षं संशय होता. रविवारी सकाळी ते संडे स्कूलचा वर्ग घेत. मुलं त्यांच्या वर्गाला चक्क वेळेवर येत.

“चर्चच्या सेक्रेटरींची तक्रार आहे,” पाळक खुर्चीत टेकले.

“कोण, मागच्या जेवणात केकचे पाच तुकडे खाल्ले, ते?” मास्तरांच्या बाईंनी विचारलं.

“सहा,” पाळक म्हणाले आणि चपापले. “विषय तो नाही. मास्तर, वर्ग ठेवायचा असेल तर हे सोडावं लागेल.”

काटेमास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. वर्ग म्हणजे त्यांचा जीव होता.

“वर्ग गेला तर मला झोप लागायची नाही, साहेब. पण देवानं दिलेलं आभार मानून घ्या, असं मुलांना शिकवतो. आता काय, पडदा ओढून पिऊ?”

“एकाच्या दोन कधी होतात, कळत नाही माणसाला.”

“कळतं की. लग्नाआधी एकदा दुसरी मागवली होती. आभार मानायला डोळे मिटले, तर तोंडातून शब्द फुटेना. तसाच उठलो, घरी आलो.”

पाळक काही बोलणार, इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. “ताई, आहेस का गं?”

बाईंचा धाकटा भाऊ. सुतार होता. दारूपायी स्वतःचा रंधासुद्धा विकून बसला होता. आता तीन महिने थेंब नव्हता.

काटेमास्तर उठले. बाटली आणि दोन्ही पेले त्यांनी मोरीत ओतले, नळ सोडला, पेले विसळले, खिडकी उघडली. बाईंनी अजून ओठसुद्धा लावला नव्हता. तरी रिकामी बाटली त्यांनीच कपाटामागे सारली.

मेहुणा आत आला. पाळकांना पाहून दारातच घुटमळला. “भाऊजी, आज खोलीवर एकट्यानं बसवेना. शनिवार नुसता अंगावर येतो.”

“बरं झालं आलास. साहेबांना सरबत द्यायचंय, लिंबं काप.”

“पुढच्या शनिवारी आलो तर चालेल?”

“दर शनिवारी ये,” काटेमास्तर म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

पाळकांनी दोन ग्लास सरबत घेतलं. निघताना विचारलं, “वर्ग उद्या नऊला ना, मास्तर?”

“नऊला.”

“सेक्रेटरींना सांगतो मी, की मास्तरांच्या टेबलावर मी स्वतः आमेन म्हटलंय. शब्द मागे घेता येत नाही.”

आज मेहुण्याला थेंब न घेता सहा वर्षं झाली. अजून दर शनिवारी येतो आणि लिंबं अजूनही वेडीवाकडीच कापतो. ते दोन पेले बाईंनी वरच्या फळीवर पालथे घातलेत. काटेमास्तरांनी ओपनर आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. ग्रीसच्या डब्याचं झाकण त्यानं फार छान उघडतं, असं ते सांगतात.