सिद्धेश्वरीची दाढ

सोलापुरात एमआयडीसीकडच्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दुपारची सुट्टी झाली. बायका डबे उघडून बसल्या. सिद्धेश्वरीने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आमटीत भिजवून मऊ केला आणि उजव्या बाजूने हळूहळू चघळला. डावीकडची खालची दाढ चार महिने ठणकत होती.

"दाखव की एकदा डॉक्टरला," शेजारच्या मशीनवरची अंकिता म्हणाली. सिद्धेश्वरीने पुढचा तुकडा आमटीत बुडवला.

घरी तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. तेव्हा तिची आई पार्वतम्मा म्हणाली होती, "लवंग धर दाढंखाली. तुला स्थळं बघालोय आमी. दवाखान्यात कुणी बघितलं तर गावभर करत्यात, पोरीला कायतरी हाय म्हणून."

पार्वतम्मा दुष्ट नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीचे ठरलेले लग्न हातावरच्या पांढऱ्या डागावरून मोडले होते. ती बहीण आजही भावाच्या घरी भांडी घासत होती. पोरीची खोट चारचौघांत दिसू द्यायची नाही, एवढाच धडा पार्वतम्माने त्यातून घेतला होता.

मग मंगळवेढ्याचे स्थळ आले. मुलगा आदिनाथ पतसंस्थेत नोकरीला. त्याची आत्या निंगव्वा हिने सिद्धेश्वरीला अंगणात चालायला लावले, वेणी सोडायला लावली, वर्तमानपत्र वाचायला लावले. मुलगी पसंत पडली. तारीख निघाली, आणि पंधरवड्यावर लग्न आले असताना तिचा गाल सुजला.

आता जाणे भागच होते. आईवडील तिला दवाखान्यात घेऊन गेले. दाताच्या डॉक्टर जुलेखा यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"चार महिन्यांपूर्वी आला असता तर दाढ वाचली असती," त्या म्हणाल्या. "आता काढावीच लागेल."

"काढा. पर तितंच दुसरी बसवा, आजच्या आज. काढल्या काढल्या हाडात स्क्रू घालून नवी दाढ बसवत्यात म्हणं," पार्वतम्मा म्हणाली.

"बसवतात. मीही बसवते. पण खालचं हाड धड असेल आणि पू नसेल तरच. हिचं हाड पोखरलंय, मावशी. स्क्रूला धरून ठेवील असं तिथं काही राहिलेलं नाही. आज नुसती काढू, जखम भरू दे. तीन-चार महिन्यांनी बसवू. मागची दाढ आहे, हसताना दिसतसुद्धा नाही."

"बायका बघत्यात. हळदीला तोंडात साखर घालताना बघत्यात."

"मग सांगून टाका त्यांना. दाढ किडणं हा काय गुन्हा आहे?"

पार्वतम्मा उठली. तिचा नवरा मल्लप्पा आयुष्यभर टॉवेलच्या मागावर राबलेला, घरात कमी बोलणारा. तोही तिच्यामागे उठला. सिद्धेश्वरी मात्र खुर्चीतून हलली नाही. "अव्वा, नुसती काढू दे की," ती म्हणाली. पार्वतम्माने तिचा दंड धरून उठवले.

औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. चार दिवसांत सूज उतरली. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचे कुणी भेटणार नाही अशा दवाखान्यात दोघी गेल्या. "सूज आली होती का?" तिथल्या डॉक्टरने विचारले. सिद्धेश्वरीने आईकडे पाहिले आणि "न्हाय" म्हणाली. एक्स-रेच्या फोटोत काळी सावली होती, पण लग्नाची घाई ऐकून त्यानेही ती फार मनावर घेतली नाही. दाढ निघाली, त्याच खड्ड्यात स्क्रू बसला, वर तात्पुरती दाढही बसली. पार्वतम्माने वाटेत देवळात नारळ फोडला.

पाचव्या दिवशी जबड्याखाली सूज आली. हळदीच्या दिवशी सिद्धेश्वरीला तोंड उघडता येईना. बायका म्हणाल्या, लाजतेय.

"अव्वा, थुंकीबी गिळंना," ती कशीबशी म्हणाली.

"दोन दिस काढ, माझे बाय. फकस्त दोन दिस."

त्याच दुपारी तिचा श्वास अडकू लागला. मल्लप्पाने तिला हळदीच्या पातळातच रिक्षात घातले. दवाखान्यात गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करून दिली, पण विष रक्तात भिनले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला बोलता आले नाही.

डॉक्टर जुलेखा भेटायला आल्या. बायकांमध्ये खाली बसल्या. "तुम्ही परत आला नाहीत, तेव्हा मी फोन करायला हवा होता," एवढेच त्या म्हणाल्या.

महिना झाला. निंगव्वा दोन पाहुण्यांना घेऊन आली.

"दृष्ट लागली पोरीला. देवाची मर्जी," ती म्हणाली. "आता धाकटी हाय की तुमची. तिलाच आदिनाथला करून घेताव आमी."

धाकटी संस्कृती पाणी घेऊन बाहेर येत होती. दाराआडून तिची काकू कुजबुजली, "चष्मा काढ गं."

"राहू दे चष्मा," पार्वतम्मा म्हणाली. "तिला लांबचं दिसत न्हाय."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पार्वतम्मा निंगव्वासमोर येऊन बसली.

"दृष्ट न्हाय लागली, आत्याबाय. तिची दाढ किडली होती. तुमास्नी कळू नये म्हणून मी तिला चार महिने लवंगंवर ठिवलं. डॉक्टरीण नको म्हणत होती, तरी बसवून घेतली. माझ्या लेकीला मीच मारलं."

"मग आमाला कशाला सांगताव? आमी दाताचं इचारलंबी न्हवतं," निंगव्वा म्हणाली.

"व्हय, न्हवतं इचारलं. नुसतं चालवलं, केस सोडायला लावलं. त्यावरनंच मी वळखलं, दातबी बघणार म्हणून." पार्वतम्माचा आवाज चढला नाही. "ह्या पोरीला कुणाफुडं उभी करणार न्हाय मी. या आता."

पाहुणे पाणी न घेता गेले. मल्लप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होता. संस्कृती तांब्या हातात धरून तशीच उभी होती. पार्वतम्माने तिला जवळ बसवले.

"तुला कुटं काय दुखतंय का गं?"

संस्कृतीने हातातला तांब्या खाली ठेवला. त्या घरात हे तिला आजवर कुणी विचारलेच नव्हते.