रोह्याच्या उंबऱ्यावर

"सीताबाई, टोपली मांडीवरून हलवायची नाय हां! वडखळच्या खड्ड्यांत तर श्वाससुद्धा जपून घे!" कमळाकरशेठ खिडकीबाहेरून ओरडले आणि एसटी पेणच्या स्टँडातून सुटली.

सीताबाईने गवत भरलेल्या टोपलीतला, रुमालाने तोंड झाकलेला गणपती पोटाशी धरला. ब्याण्णवच्या शिमग्याला पकडली गेली तेव्हाही ती एसटीतच होती. तेव्हा पोटाला होती हातभट्टीच्या दारूने भरलेली टायरची ट्यूब! दोन वर्षं आत गेली. सुटल्यावर सख्ख्या भावाने दार लावून घेतलं. कमळाकरशेठनी मात्र सगळं माहीत असून मूर्तींच्या कारखान्यात शाडू मळायला ठेवलं. आणि आज चक्क एकटीच्या हाती मूर्ती! रोह्याच्या मास्तरांचे गुडघे धरलेले, म्हणून घरपोच न्यायची. साऱ्या गाडीला ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं.

वडखळला नेमकी धोंडुबाई चढली, जुन्या धंद्यातली सोबतीण. आनंदाच्या भरात सीताबाईने तिला कुठे, कुणाकडे निघालो तेही सांगून टाकलं. धोंडुबाईने हळूच पिशवी पुढे सरकवली.

"दारूचे दोन फुगे हायत भरलेले. गवतात घाल. देवाच्या टोपलीला पोलीस हात लावतोय व्हय?"

"नाय."

"लई सोवळी झालीस गो! मास्तरीणबाईंना सांगू काय, कुणाच्या हातचा देव घेताय ते? गिऱ्हाईक बोंबललं तर तुझा शेठ तरी ठेवील काय तुला?"

सीताबाईने टोपलीवरची पकड घट्ट केली.

"तू कशाला? मीच सांगते."

धोंडुबाई नागोठण्याला पाय आपटत उतरली.

रोह्यात मास्तरीणबाई पाण्याचा तांब्या आणि दुधाची वाटी घेऊन दारात उभ्याच होत्या. देव आणणाऱ्याच्या पायांवर आधी दूध-पाणी घालायचं, मगच देव घरात. त्या वाकल्या तशी सीताबाई मागे सरली.

"थांबा बाई. मी जेलात जाऊन आलेली हाय. दारूपायी. दुसऱ्या कुणाला बोलवा न् देव आत घ्या. पन शेठवर राग धरू नका."

मास्तरीणबाई तांब्या हातात धरूनच सरळ झाल्या. आतून मास्तर खेकसले, "अगो, देवाला दारातच जेवायला वाढतेस काय?"

"आले हो!" त्या म्हणाल्या. मग सीताबाईकडे वळल्या. "पेणपासून मांडीवर आणलास ना? मग आता दोन पावलांसाठी मी दुसरं कोण शोधू? पाय पुढं कर."

दूध पडलं, पाणी पडलं. टाचांच्या भेगांतली शाडू सुटून पांढरट ओघळ अंगणात उतरला. सीताबाईला डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे नव्हते.