विस्तव कुणाचा

बारकूच्या घरातून धूर निघताना धोंडीबाईने पाहिला आणि हातातली शेणाची पाटी तिने तिथेच खाली ठेवली. अडीच वर्षं त्या घरात चूल पेटली नव्हती. बारकूचा गवताचा धंदा होता. गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा. तिकडे घोडागाड्या कमी झाल्या, मोटारी वाढल्या आणि इकडे सापगावात बारकू बसला. एक दिवस कल्याणहून कोर्टाचा बेलीफ आला, घर जप्त झालं आणि गवताच्याच एका व्यापाऱ्याच्या नावावर लागलं. बारकू बायकोपोरं घेऊन गेला तो गेलाच. दाराला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील राहिलं. ती लाखही पहिल्याच उन्हाळ्यात पघळून उंबऱ्यावर सांडली.

आणि आता धूर. कोण आलंय हे धोंडीबाईला ठाऊक नव्हतं, पण त्या चुलीला विस्तव कुणी दिला हे तिला त्याच क्षणी उमगलं. तिनेच दिला होता.

झालं होतं असं. त्या सकाळी एक तिशीची बाई गोवरीचा तुकडा हातात घेऊन मागल्या दारी आली. "काकी, जरा विस्तव दे गो," म्हणाली. पौषाची पुनव तोंडावर आली होती. म्हशाच्या जत्रेला जाणारी माणसं अशीच नदीकाठच्या आंब्याखाली उतरायची, चहा-भाकरीपुरता विस्तव न्यायची आणि पुढची वाट धरायची. धोंडीबाईने चुलीतला चांगला फुललेला निखारा गोवरीवर ठेवला. वर "जपून ने, बाय" असंही म्हणाली. त्या तीन शब्दांचा तिला पुढे फार पस्तावा झाला.

कारण सापगावात याला अर्थ होता. नवीन बिऱ्हाड गावात आलं की त्याची पहिली चूल काडेपेटीने पेटवायची नाही, शेजारच्या चुलीचा विस्तव मागायचा. शेजारणीने दिला की ती माणसं गावात राहिली. काडी ओढून पेटवली तर ती वाटसरू, आज आहेत आणि उद्या नाहीत. ही चाल सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे धोंडीबाईने पहिलं काम काय केलं, तर विस्तवाबद्दल एक अक्षर कुणाला सांगितलं नाही.

"ओ, ऐकलं का? बारकूच्या घरात माणसं शिरली," ती नवऱ्याला म्हणाली.

कमळू खळ्यावर बसून दोर वळत होता. गालात तंबाखू होती. त्याने मान हलवली.

"मान काय हलवताव? कुलूप तोडून शिरली असतील. पौषात कोण घर भरतं का? चांगली माणसं माघापतोर थांबतात."

"थांबाया जागा नसंल," कमळू म्हणाला आणि पुन्हा दोराकडे वळला. बोलायचं तेवढं त्याचं बोलून झालं होतं.

आता धोंडीबाईचा जीव एवढा खालीवर का होत होता तेही सांगून टाकतो. तिचा एकुलता एक मुलगा कान्हा लग्नाचा होता. टोकावड्याच्या नवशाची पोर, ठमी, पसंत होती. पण धोंडीबाईचं घर एकखणी. त्यातच चूल, त्यातच भाताची कणगी, त्यातच तिघांची अंथरुणं आणि पावसाळ्यात कोपऱ्याला म्हैस. दिवाळीच्या सुमाराला नवशा घर बघायला आला तेव्हा आधीच म्हणाला होता, "पोर निजंल कुठं, ते दावा मला."

धोंडीबाईने क्षणभरही विचार केला नाही. तिने त्याला अंगणातून पलीकडे नेलं आणि बारकूच्या घराची पडवी दाखवली. ऐसपैस, तिन्ही बाजूंनी कुडाची, वर चांगली कौलं. तिचा पेंढा तिथेच रचलेला होता, तिचं उखळ तिथेच होतं, तिची म्हैस तिथेच रवंथ करत उभी होती. "ही आमची पडवी. म्हस हलवली का पोरांची," ती म्हणाली. हे बोलताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. अडीच वर्षं त्या पडवीत तिचा झाडू फिरत होता, बारकूच्या फणसाचे गरे ती खात होती. आपलं म्हणायला माणसाला आणखी काय लागतं? माघातल्या पहिल्या रविवारी नवशा सुपारी फोडायला येणार होता. म्हणजे पुरते तीन आठवडेही हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी नव्या घरातला माणूस म्हैस घेऊन तिच्या दारात आला. त्याचं नाव गोमा. डावा हात कोपरापासून वाकडा, कामाचा नव्हता. "काकी, तुमची म्हस चुकून आमच्या पडवीत बांधली गेलीया," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. 'चुकून' हा शब्द धोंडीबाईला जिव्हारी लागला. भांडला असता तर तिलाही भांडता आलं असतं. त्याने पेंढासुद्धा एका हाताने वाहून आणला आणि तिच्या कुडाला नीट रचून दिला.

तिथून धोंडीबाईचं कामधंद्यातलं लक्षच उडालं. कुडाच्या फटीला डोळा लावून ती शेजार बघायची, आणि जे जे दिसायचं ते ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. गोमाच्या बायकोने, विस्तव नेणाऱ्या त्या देवकीने, ओटा सारवला तर बोटांची वर्तुळं एकासारखी एक उठली. धोंडीबाईने त्याच दुपारी आपला ओटा पुन्हा सारवला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागला. बारकूच्या अंगणात आपोआप उगवून लोळणारे वालाचे वेल देवकीने दाराशी चढवले, ते आठ दिवसांत कौलाला टेकले. मेली माती काय दोन अंगणांची वेगळी होती? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गोमा नदीवरून पाणी आणायचा. एका खांद्यावर हंडा घेऊन यायचा, आणि ती ओट्यावर उभी राहून त्याचा हंडा उतरवून घ्यायची, दोघं कशाला तरी हसायची. बावीस वर्षांच्या संसारात कमळूने हंड्याला हात लावलेला धोंडीबाईला आठवत नव्हता. तिने एकदा त्याला तसं ऐकवलं. कमळू म्हणाला, "माझे दोनी हात कामात असतात."

"घुसलेली माणसं हायती ती," ती नदीवर बायकांना सांगू लागली. "कागद हाय का विचारा. आज बारकूच्या घरात शिरली, उद्या तुमच्या शिरतील."

पहिले दोन दिवस बायकांनी माना डोलावल्या. मग देवकीने कुणाच्या पोराच्या पोटाला लेप दिला, कुणाला वालाच्या शेंगा दिल्या, आणि बायका धोंडीबाईचं ऐकता ऐकता दुसरीकडे बघू लागल्या. समोरच्या घरची अंबूबाई तर रोज दुपारी देवकीच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. ही अंबूबाई वीस वर्षं धोंडीबाईच्या ओट्यावर बसत होती. धोंडीबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

शेवटी ती रंगू पाटलाकडे गेली. "पाटील, जप्तीचं घर हाय. कुणीबी शिरायचं आन् गावानं बघत बसायचं का?"

पाटील शहाणा आणि आळशी, दोन्ही होता. पण सरकारी भानगड नको म्हणून आला. बरोबर गावातली चार वडीलधारी माणसं आली. ती बसली देवकीच्याच सारवलेल्या ओट्यावर. भोवती बायामाणसं जमली. धोंडीबाई पदर खोचून पुढे उभी राहिली. नवशा यायला पाच दिवस उरले होते. आज ही माणसं उठली तर पडवी पुन्हा तिचीच होती.

"कागद हाय का रे तुझ्याजवळ?" पाटलाने विचारलं.

"कागद नाय, पाटील," गोमा म्हणाला. "घर ज्याच्या नावावर लागलं त्या शेटच्या वखारीत मी गाठी दाबायचो. प्रेसमधी हात गेला. शेट बोलला, सापगावचं घर रिकामं हाय, जा, राहा, राखण कर. कागद मागाहून धाडतो बोलला."

"बोलला!" धोंडीबाई म्हणाली. "मीबी बोलंन, शेटनं मला दिलं म्हणून."

लोकांत कुजबुज झाली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कागद नाही म्हणजे गोष्ट कच्चीच होती. पाटलाने हनुवटी खाजवली.

"कागदाचं कोर्ट बघंल," तो म्हणाला. "गावानं गावाचं बघायचं. पोरी, तू चूल कशानं पेटवलीस? काडीनं का विस्तवानं?"

धोंडीबाईने खोचलेला पदर सोडला. देवकीने डोळे वर केले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती.

"विस्तवानं," देवकी हळूच म्हणाली.

"कुणाच्या?"

देवकी गप्प राहिली. जिने दिला तीच उठवायला उभी आहे, तिचं नाव कसं घ्यावं असं तिला वाटलं असेल. धोंडीबाईला ते कळलं, आणि आता फक्त तोंड मिटून राहायचं हेही कळलं. कुणीच 'मी दिला' म्हटलं नाही की ही बाई खोटी ठरणार होती. एवढं गप्प राहणं पुरेसं होतं. पडवी, कान्हाचं लग्न, सगळं त्या गप्प राहण्यावर होतं. धोंडीबाईने दात घट्ट दाबून धरले.

तेवढ्यात गर्दीतून अंबूबाई पुढे आली. "लिवा माझं नाव, पाटील," ती ऐटीत म्हणाली. "माझ्या चुलीचा विस्तव नेलान् तिनं. माझ्या शेजाराला आली म्हणूनच तर एवढी सुखी हाय पोर."

देवकीला वाचवायला म्हणाली की मिरवायला, देव जाणे. पण 'माझ्या शेजाराला' हे शब्द कानात गेले आणि धोंडीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षांची ओट्यावरची मैत्रीण ही, आणि विस्तवही हिचाच?

"तुझा विस्तव?" ती ओरडलीच. "तुझ्या चुलीत धुराबिगर काय असतं गो? माझा विस्तव नेला तिनं! गोवरी घेऊन माझ्या मागल्या दारी आली. मी या हातानं फुललेला निखारा दिला, आन् जपून ने म्हनूनबी सांगितलं!"

सगळं अंगण तिच्याकडे वळलं. आपण काय बोललो हे धोंडीबाईला सगळ्यात शेवटी कळलं. कमळूने तंबाखू थुंकली.

"झालं तर मग," पाटील उठत म्हणाला. "शेजारणीनं राखली, गावानं राखली. विस्तव दिलास आन् आता उठवाया निघालीस होय गो? घरी जा." लोक हसले. ते हसणं तिच्या पाठीमागून घरापर्यंत आलं.

पाच दिवस ती ओट्यावरसुद्धा आली नाही. कान्हाने विचारलं तेव्हा तेवढं म्हणाली, "नवशादादाला खरं सांगाया लागंल. लगीन मोडलं तर मला बोल." कान्हा उठून बाहेर निघून गेला, आणि ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रविवारी टोकावड्याची गाडी आली. धोंडीबाई मनाचा धडा करून बाहेर आली, पण नवशा गाडीतून उतरून थेट पलीकडे गेला होता. देवकीच्या ओट्यावर बसून गुळाचा चहा पीत होता. पडवी झाडून सारवून मोकळी होती. दाराला आंब्याची पानं लावली होती. आत कोपऱ्यात धोंडीबाईचं उखळ होतं तिथेच ठेवलं होतं. पडवीचं कान्हानेच तिकडे जाऊन सांगितलं असणार.

"काकींच्या विस्तवावर आमची चूल पेटली," देवकी नवशाला सांगत होती. "तवा पडवी काकींच्या पोराची. आमी दोघं, आमाला आतलं घर पुष्कळ झालं."

नवशाने सुपारी फोडली. वैशाखात लग्न ठरलं. जाताना तो गाडीवर चढता चढता म्हणाला, "विहीणबाई, शेजार लाखात एक मिळाला तुमाला. ठमीला सांगतो, त्या बाईकडून चार गोष्टी शिक म्हणून." धोंडीबाईने हसून मान डोलावली. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि अन्न मात्र गोड लागत नव्हतं. भांडून घेतली असती तर पडवी तिची झाली असती. आता ती देवकीने दिलेली झाली. ओटा, वेल, नवरा, अंबूबाई, सगळ्यांत ती बाई पुढे होतीच. आता चांगुलपणातसुद्धा पुढे गेली. शेटचा कागदही चैत्रात आला, शिक्क्यासकट, अगदी खरा.

सुपारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबाईने चूल उकरली तर राखेत एक ठिणगी नव्हती. आदल्या रात्री पाहुण्यांच्या गडबडीत निखारे झाकायचे राहून गेले होते. काडेपेटीही कान्हा रानात घेऊन गेला होता. अंबूबाईकडे जायचं तर तोंड नव्हतं. तिने गोवरीचा तुकडा उचलला, बराच वेळ हातात धरला आणि मग पलीकडच्या मागल्या दारी जाऊन उभी राहिली.

"जरा विस्तव दे गो," ती म्हणाली.

देवकीने चुलीतला चांगला फुललेला निखारा चिमट्याने उचलून गोवरीवर ठेवला. "घे, काकी. तुझाच हाय," ती म्हणाली. "जपून ने."

धोंडीबाईने जाता जाता एकदा मागे वळून चुलीकडे पाहिलं. लाकडं तीच, रानातलीच. पण देवकीच्या चुलीला धूर नव्हता.