पासपोर्ट ठेवलेली बाई

"बहन, सीधी बात है," ठाण्याच्या काउंटरमागचा पोलीस म्हणाला, "दूसरे किसी का पासपोर्ट लाओ. नहीं तो ये आदमी वापस दो, अपना पासपोर्ट ले जाओ."

'ये आदमी' म्हणजे जुलेखाचा धाकटा भाऊ अर्सलान. दर सोमवारची हजेरीची सही करून तो शेजारीच उभा होता. पेन जागेवर ठेवायचं की साहेबांच्या हातात द्यायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. जुलेखाने ते त्याच्या मुठीतून काढून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं.

"शुक्रवारी माझ्या मुलीचा निकाह आहे," तिने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत पुन्हा एकदा सांगितलं. पोलिसाने मान हलवली. माणूस वाईट नव्हता. पहिल्या सोमवारी त्याने अर्सलानला स्वतः उठून पाणी आणून दिलं होतं. पण ह्या मुलखात नियम असा की आरोपीला खटल्याआधी घरी सोडायचं, तर कोणीतरी आपला पासपोर्ट जामीन म्हणून ठेवायचा. आरोपी पळाला तर ज्याचा पासपोर्ट, त्याची मान अडकली. नियमाला मुलगी नसते, त्यामुळे त्याला निकाहही कळत नाही.

जुलेखा शारजातल्या एका शाळेच्या बसवर मुलांना सांभाळायचं काम करी. मुलगी हुमेरा लहान असतानाच नवरा गेला. हुमेराला दाभोळच्या खाडीकाठी आईजवळ ठेवून ती इकडे आली, आणि पोरीचं शिक्षण, आजारपणं, दहावीचा निकाल, सगळं तिने फोनवर ऐकलं. निकाह तेवढा डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच हौस तिने स्वतःसाठी राखून ठेवली होती. सुट्टी मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं. अडला होता तो पासपोर्ट.

अर्सलान दुबईच्या देऱ्यात एका अत्तराच्या दुकानात कामाला होता. गावी असताना त्याला रत्नागिरीच्या डॉक्टरांची औषधं चालू होती, डोक्याची. इकडे आल्यावर गोळ्या संपल्या. विमानतळावर विचारतील ह्या भीतीने जुलेखाने पुन्हा आणल्या नाहीत, आणि बरा दिसतोय म्हणून तीही निवांत झाली. मग एका सकाळी त्याने समोरच्या मोबाइलच्या दुकानाची काच फोडली, कारण आतले सगळे फोन त्याच्याबद्दल बोलत होते. पोलीस आले. त्यांनी जुलेखाला फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, ह्याला काही आजार आहे का, काही औषध चालू आहे का.

"कुछ नहीं साहब. एकदम फिट," जुलेखा म्हणाली.

हुमेराचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. मामा वेडा आहे असं सासरी कळलं असतं, तर ठरलेलं मोडायला कितीसा वेळ लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात. जुलेखाने मूठ घट्ट झाकली, आणि तिच्या आत भाऊ होता. गोळ्यांवाचून तो कोठडीत झोपेना, भिंतीवर डोकं आपटून घेई. कपाळावर खूण अजून होती. शेवटी तिथल्याच दवाखान्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी त्याला इस्पितळात दाखवायची अट घालून, दर आठवड्याची हजेरी लावून बाहेर सोडलं, जुलेखाच्या पासपोर्टावर.

सकाळची फेरी आटोपल्यावर मंगळवारी ती देऱ्यात हमदुल्लाकडे गेली. हमदुल्ला त्यांच्याच गावचा. टायपिंग सेंटर चालवी, गावच्या जमातीचा इथला सेक्रेटरी होता, आणि मुख्य म्हणजे हुमेराच्या होणाऱ्या नवऱ्याचा सख्खा मामा होता. स्थळ त्यानेच आणलं होतं.

"ये जुलेखा, बस. तयारी झाली काय?"

"झाली. पण हमदुल्लाभाई, एक काम होतं. कोणाचा तरी पासपोर्ट पायजे, थोड्या दिवसांसाठी. मी निकाहवरून आले की माझा परत ठेवीन, त्यांचा सोडवीन."

"अर्सलानची ती केस अजून खलास नाय झाली? कसली म्हणालीस?"

"ट्रॅफिकची."

हमदुल्लाने चष्मा काढून पुसला. अर्सलानला गाडी चालवता येत नव्हती, ही गोष्ट जुलेखाच्या ध्यानात शब्द तोंडातून गेल्यावर आली. हमदुल्लाने चष्मा पुन्हा लावला. त्याने दोन चहा मागवले.

"बघतो पोरांना विचारून," चहा आल्यावर तो म्हणाला. "पण कसं हाय, पासपोर्ट म्हणजे माणूसच झाला गं. पैसे माग, आता काढून देतो. कोणाची मय्यत झाली तर जमात उभी राहते, तू बघितलंस. पण हे... होईल काहीतरी. इन्शाल्ला."

इथे इतकी वर्षं काढल्यावर जुलेखाला इन्शाल्लाचे सूर कळत होते. हा नाही म्हणायचा सूर होता. जमात खोटी नव्हती. गेल्याच वर्षी गावचा एक मुलगा साइटवर अपघातात गेला, तर ह्याच हमदुल्लाने धावाधाव करून पेटी दुसऱ्या दिवशी विमानात चढवली होती. मेलेल्याला घरी पोचवायचा रिवाज होता, जिवंत माणसासाठी पासपोर्ट द्यायचा नव्हता. तिने चहा संपवला, सलाम केला आणि शारजाच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिथे काहीच वाटत नव्हतं. दुपारच्या फेरीला उशीर होईल, एवढंच मनात होतं.

बुधवारी इस्पितळ. डॉक्टर फिरदोस हैदराबादच्या होत्या. अर्सलान खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता आणि एसीच्या जाळीकडे बघत होता.

"रिपोर्ट मुझे आज भेजना है," डॉक्टर म्हणाल्या. "पहले कभी इलाज हुआ? आपने पिछली बार भी 'नहीं' बोला. जेल के क्लिनिक से भी 'नहीं' आया है. प्रॉसिक्यूशन के कागज़ में भी वही है. हर जगह एक ही बात."

जुलेखाने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. अक्षरं तिला कळत नव्हती, पण हिशोब कळला. ह्या देशातली ऑफिसं एकमेकांना विचारत नाहीत असं कोणी म्हणू नये. पोलीस ठाण्याने कोठडीला सांगितलं होतं, कोठडीने दवाखान्याला, दवाखान्याने सरकारी वकिलाला, वकिलाने इस्पितळाला. सगळे आपापलं काम चोख करत होते. फोनवर ती एकदा बोलली होती ते वाक्य तिच्याआधी सगळीकडे पोचलं होतं, आणि आता जो तो तेच तिला ऐकवत होता.

"हिस्ट्री नहीं है तो मैं क्या लिखूँ?" डॉक्टरांचा आवाज चढलेला नव्हता. "कोर्ट समझेगा, आदमी ठीक था, जानबूझ के तोड़ा."

अर्सलानने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. त्याच्या बघण्यात ना तक्रार होती ना विनवणी. तो नुसता बघत होता.

"हुआ है," जुलेखा म्हणाली. "रत्नागिरी में. बहुत साल गोली खाया."

"तो बताया क्यों नहीं आपने?"

"लड़की की शादी है."

डॉक्टर फिरदोसनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी टाइप करायला घेतलं. रागावल्या नाहीत, आणि जुलेखाला तेच जास्त जड गेलं.

नवी गोळी लिहून देताना त्यांनी समजावलं. सुरुवातीला झोप फार येईल, उठून चालताना तोल जाईल, जवळ कोणीतरी पाहिजे. "आपको जाना है तो इनको वापस अंदर दे सकते हैं. मैंने लिख दिया है, अब वहाँ भी गोली मिलेगी."

म्हणजे वाट मोकळी झाली होती. भावाला ठाण्यावर पोचवायचं, पासपोर्ट घ्यायचा, गुरुवारचं विमान धरायचं. बसमध्ये शेजारी डुलक्या घेणाऱ्या अर्सलानकडे बघत तिने हा विचार करून पाहिला. खोटं एका दिवसात सगळीकडे पोचलं होतं. खरं कधी पोचेल, कोणी सांगावं. आणि एखाद्या टेबलावर ते चार दिवस अडून राहिलं, तर ते चार दिवस अर्सलानला त्याच भिंतीजवळ काढायचे होते.

घरी आल्यावर तिने हुमेराला फोन लावला. मरियमबीच्या फ्लॅटमधली एक खोली बहीणभावांनी भाड्याने घेतली होती. दार लोटून ती पलंगाच्या कडेला बसली.

"हुमेरा, माझं यायचं नाय जमत."

"का?"

आता मूठ उघडायचीच होती. जुलेखाने सगळं सांगितलं, काच, कोठडी, पासपोर्ट, गोळ्या. "तुझ्या सासरी सांगायचं की नाय, तू बघ," ती शेवटी म्हणाली. "मी म्हटलं होतं निकाह होईपर्यंत तरी..."

पलीकडे कोणीतरी मांडववाल्याला हाका मारत होतं.

"अम्मी, त्यांना ठाऊक हाय," हुमेरा म्हणाली.

"कोणाला?"

"सगळ्यांना. अर्सलानमामा औषधाला रत्नागिरीला जायचा, तेव्हा एसटीत अर्धा गाव असायचा. हमदुल्लाभाईंनी तर मला बघायला यायच्या आधीच सासरच्यांना सांगितलं होतं. म्हणाले, बीमारी मामाला हाय, पोरीला नाय. काचेचंही त्यांनीच कळवलं."

"मग मला कोणी बोललं का नाय?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा निदान दूध तरी त्याच्या पोटात जातं. जुलेखाच्या वाट्याला नुसते मिटलेले डोळे आले होते. हमदुल्लाने चष्मा पुसला होता तो का, हे तिला आत्ता कळलं. तिची लाज राखायला सगळे एक झाले होते, पासपोर्ट द्यायला कोणी पुढे आलं नव्हतं. भावाचं कपाळ फुटलं ते एका गुपितासाठी, आणि ते गुपित कधी नव्हतंच. तिला स्वतःचाच संताप यायला हवा होता. तो कुठेतरी खोल होता, पण वर येत नव्हता.

"मग ये ना अम्मी. त्याला तिथं ठेव चार दिवस. डॉक्टरीण म्हणतेय ना?"

"नाय."

"माझ्या निकाहला मग माझं कोण?"

हुमेराने थोडा वेळ वाट पाहिली, मग "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी शारजात सुट्टी. बाहेरच्या खोलीत मरियमबीचे पाहुणे होते, स्वयंपाकघरात त्यांची लेक बिर्याणीला दम देत होती. अर्सलान भर दुपारी गाढ झोपला होता. कितीतरी आठवड्यांनी त्याची झोप अशी लागली होती, तोंड जरा उघडं, हात सैल पडलेले. जुलेखा जमिनीवर पलंगाला पाठ लावून बसली होती. तिने आवाज अगदी कमी करून फोन कानाशी धरला होता. बोटिम ॲपवरची लाइन मधेच तुटे, पुन्हा लागे. काझींचा आवाज आला, मग बायकांची कुजबुज, आणि मग हुमेराचा, जेमतेम ऐकू येणारा. कबूल.

"जुलेखा," तिकडून तिच्या आईने फोन घेतला, "स्पीकरवर ठेवलंय हां. सगळे बसलेत. पोरीला दुआ दे."

अर्सलानने कूस बदलली. जुलेखा थांबली. त्याचा श्वास पुन्हा संथ झाल्यावर तिने फोन ओठांजवळ आणला आणि दबक्या आवाजात दुआ द्यायला सुरुवात केली.

"काय म्हणतेस? नाय ऐकू येत. जोरात बोल."

ती जोरात बोलली नाही. तिकडे मंडळी हसली, कोणीतरी नेटवर्कला नाव ठेवलं, कोणीतरी मिठाईची ताटं आणायला सांगितलं. जुलेखा त्याच आवाजात बोलत राहिली. एक शब्दही न गाळता तिने दुआ शेवटपर्यंत म्हटली.