मागच्या रांगेतली म्हातारी

केशोरीच्या तलावाचं पाणी उद्या कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाणार, हे आदल्या सांजेला ईश्वरदासबुवा तलावाच्या काठावरून हाक मारून सांगत. हरिकीर्तनात कमावलेला गळा तो. हाक तिसऱ्या शिवाराला पोचायची. पुढे पाणीवाटपाच्या संस्थेनं फोनवर पाळी कळवणारं ॲप घेतलं आणि हाकेची गरज सरली. देवाची लीला पाहा, ते ॲप घडवणाऱ्या टीमची प्रॉडक्ट ओनर बुवांचीच लेक, दुर्गेश्वरी.

टीम नागपुरात, ही घरूनच काम करी. आधी काय करायचं, नंतर काय, आणि झालेलं काम पसंत की नापसंत, हे ठरवणं तिच्याकडे. लोकांच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या तिनं भिंतीवर एकाखाली एक लावल्या होत्या. दोन आठवड्यांच्या प्रत्येक स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या फेरीला, वरच्या तीन-चार हाती घेऊन ती उतरवायची, बाकीच्या थांबायच्या. ज्या मागणीसाठी जास्त जणांनी ॲपमधून लिहिलं, ती वर.

पौषात एकदा बुवांनी विचारलं, "बाई, तुह्या फोनाले बोलता नाही येत का? अक्षर न येनारीनं पाळी कशी समजावी?"

"चिठ्ठी लावली ना बाबा. चौदावी आहे."

"चौदावी काऊन?"

"कोणी मागतच नाही."

बुवा हसले. "कीर्तनकारानं मागच्या रांगेतल्या म्हातारीकडे पाहून गावं, बाई. पुढचे त तसेई मान डोलवतेत."

तिला ते इतकं आवडलं की काम पसंत करायची कसोटी म्हणून तिनं चिठ्ठीवर लिहूनच टाकलं : मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळलं पाहिजे. लिहिलं सुरेख. चिठ्ठी मात्र चौदावीच राहिली; वरच्या उतरल्या की नव्या मागण्या तिच्या वर चढायच्या. चार स्प्रिंट गेले. बुवांचा आवाज बसत चालला होता. घरच्यांनी थंडी म्हटलं, हळद-दूध दिलं.

फाल्गुनात शेजारची शामकलाबाई दारात येऊन उभी राहिली. एकटी म्हातारी, दीड एकर उन्हाळी धान.

"काय वो दुर्गे, माही पाळी गेली म्हनतेत! फोन त कमरेलेच होता माह्या."

दुर्गेश्वरीनं फोन पाहिला. पाळीचे तीन निरोप, तिन्ही न उघडलेले.

"मावशी, आवाजात सांगा असं ॲपमध्ये कळवायचं होतं ना."

"लिवून?" शामकलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "लिवता आलं असतं त मागतलंच कायले असतं वो?"

अर्ध्या बांधीला भेगा पडल्या होत्या. धान पोटरीत असताना, लोंबी निघायच्या ऐन आधी, गेलेलं पाणी मागून देऊन भरत नाही. त्याच दुपारी चौदावी चिठ्ठी पहिली झाली, आणि आवाज बाबांचाच, हेही ठरलं.

त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठ आहे. काढावी लागेल, आवाज राहणार नाही. सोमवारी ऑपरेशन.

रविवारी सकाळी बुवा अंघोळ करून, बुक्का लावून देवघरासमोर बसले, जसे कीर्तनाला निघण्याआधी बसत. दुर्गेश्वरीनं मोबाईल पुढे धरला. 'शामकलाबाई, उद्या सकाळी पाणी तुमच्या बांधीत.' एवढंच म्हणायचं होतं. फुटक्या भात्यातून निघावी तशी हवा निघाली. बारा वेळा म्हटलं. तेराव्यांदा नंदाबाईनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे जी आता."

दुपारी उमेंद्रचा फोन आला. कोड लिहिणारा, गोंदियाचा पोरगा. "दीदी, बहुत साफ करून पाहिलं. शब्दच उमटत नाहीत. पण तुम्ही हो म्हणा, मी लावून टाकतो. बाबूजींचा आवाज आहे."

हो म्हणणं तिच्याच हातात होतं. ती उठली, शामकलाबाईकडे गेली, आणि तिला ओसरीच्या पार टोकाला बसवून आवाज लावला.

म्हातारीनं हात जोडले. "बुवाच व्हयत न हे?" मग कान पुढे केला. "पन काय म्हनून रायले वो?"

दुर्गेश्वरी घरी आली. चिठ्ठीवरची स्वतःचीच ओळ तिनं दोनदा वाचली आणि उमेंद्रला कळवलं : नापसंत. मग मागच्या अंगणात जाऊन तोंडात पदर धरून रडली. चार स्प्रिंटांपूर्वी हाच गळा तिसऱ्या शिवाराला पोचला असता.

आवाज शेवटी नंदाबाईचा घेतला. तीस वर्षं नवऱ्याच्या मागे टाळ धरून उभी राहिलेली बाई. आवाज बारीक, पण धुतल्या तांदळासारखा. दवाखान्यात बुवांना ऐकवला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बराबर केलं बाई.' खाली जागा होती. बराच वेळ पेन्सिल तिथे टेकवून ते बसले. आणखी काही लिहिलं नाही.

चैत्रात गळ्याला पट्टी बांधून बुवा सांजेला तलावाच्या काठावर जाऊन उभे राहिले. दुर्गेश्वरी सोबत होती. खालच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शामकलाबाईचा फोन बोलला, "शामकलाबाई, उद्या सकाळी पाणी तुमच्या बांधीत."

बुवांचे ओठ शब्दागणिक हलले.

म्हातारीनं कमरेच्या फोनाकडे पाहिलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, तिनं काठाकडे तोंड करून उलट हाक दिली, "आयकलं बुवा!"

बुवांनी हात वर केला. ती वळून घराच्या वाटेला लागली, दिसेनाशी झाली, तरी हात वरच होता. मग दुर्गेश्वरीनंच तो हळूच धरून खाली घेतला.