न धुतलेला खल

मित्रांनो, तुमचे जेवण नुकतेच झाले असेल, तर माझी गोष्ट थोड्या वेळाने वाचा. मी एक जुना दगडी खल आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरले, आतून घासून घासून गुळगुळीत केले आणि एका बाईंना विकले. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. आत्या माझ्यात मिरी, वेलची कुटायच्या आणि लगेच मला धुऊन पालथा घालायच्या.

मग शेजारच्या शिंप्याच्या कुत्र्याचे पोट बिघडले. रस्त्यावरचे काहीबाही खाल्ले होते त्याने. आत्यांनी माझ्यात सुंठ कुटली आणि चिमूटभर भातातून त्याला दिली. दुसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत उभा! तो बहुधा आपोआपच बरा झाला असता, पण शिंप्याने गल्लीभर डंका पिटला. "आत्यांच्या हाताला गुण आहे हो!"

आत्या लाजून म्हणाल्या, "हाताला कसला, या खलाला आहे."

मी हुरळून गेलो. गल्लीतले लोक आपापल्या कुत्र्यांसाठी औषध मागायला येऊ लागले. पण त्या दिवसापासून आत्यांनी मला धुणेच बंद केले.

"आत्या, खल धू ना गं. घाण वास येतोय," भाची म्हणायची.

"अगं, धुतला की गुण जातो त्यातला!"

गुण! माझ्यात काय काय साठले होते ते सांगतानाही मला शिसारी येते. कडुनिंबाचा चोथा, एरंडेलाचा चिकट थर, कुणाकुणाच्या कुत्र्यांचे केस आणि तळाशी हिरवट, बुळबुळीत असे काहीतरी, ज्याचे नाव मलाही ठाऊक नाही. एक माशी तर त्यात कायमची राहिली. शिंप्याच्या कुत्र्याला पिसवा झाल्या, तेव्हा या सगळ्यावर रोज लसूण ठेचला गेला. बत्ता खाली आला की पचकन आवाज व्हायचा. शी! आणि लोक मात्र माझी तारीफ करत होते.

अशा माझ्यात भाचीच्या मांजरीचे औषध तयार झाले. तिचे नाव बाईसाहेब, आणि थाटही तसाच. त्यांना जरा अपचन झाले होते. आत्यांनी बडीशेप कुटून पाण्यात कालवली आणि वाटी पुढे ठेवली. बाईसाहेबांनी एकदा हुंगले आणि वाटीकडे पाठ फिरवली. "नखरे नकोत," म्हणत आत्यांनी त्यांना मांडीत दाबून धरले आणि चमच्याने औषध पाजले. असे रोज चालले.

काही दिवसांनी बाईसाहेबांना जिना चढवेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी तांबूस झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले, जे दिले ते सगळे घेऊन या. म्हणून भाचीने मलाही पिशवीत घातले.

डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबून पाहिली. "हिला लसूण दिला होता?"

"मांजराला लसूण? मी काय वेडी आहे?" आत्या तडकल्या. "नुसती बडीशेप होती."

भाचीने मला टेबलावर ठेवले आणि नखाने माझा तळ खरवडला. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि झटकन मान मागे घेतली.

"हा बघा लसूण. यानं मांजराचं रक्त नासतं. कुत्र्यालाही देऊ नका."

आत्यांनी बाईसाहेबांना जवळ ओढले. "वाचेल ना हो ती?"

"आत्ताच नाही सांगता येत."

भाची आत्यांकडे बघतही नव्हती.

सलाइन लावले, रक्त दिले, तेव्हा कुठे बाईसाहेब वाचल्या. अजूनही जिन्याच्या मध्यावर थांबून त्या दम खातात. त्या घरी आल्या त्या दिवशी आत्यांनी मला उकळत्या पाण्यात बुडवून काथ्याने घासले. काळे-हिरवे पाणी निघाले आणि आत्यांना तिथेच उमासा आला. पण ते पाणी त्यांनी फेकले नाही. बरणीत भरून माझ्या शेजारी ठेवले. आता कुणी औषध मागायला आले, की त्या बरणीचे झाकण उघडून पुढे करतात.

"आधी हा वास घ्या. मग डॉक्टरांकडे जा. त्यांनी सांगितलं तरच कुटून देईन, धुतलेल्या खलात."

मित्रांनो, झाडपाला वाईट नसतो. पण कोणत्या प्राण्याला काय चालते ते विचारल्याशिवाय देऊ नका आणि माझ्यासारख्यांना रोज धुवा. मुक्या जिवाने वाटीकडे पाठ फिरवली, तर त्याला धरून पाजण्याआधी ती वाटी एकदा स्वतःच्या नाकाशी न्या.

काल बाईसाहेब माझ्या फळीवर आल्या. त्यांनी मला हुंगले आणि पाठ फिरवून निघून गेल्या. मी आता लख्ख आहे, पण हे त्यांना कोण पटवणार?