चिंधीची काठवट

“अवं, भायेर ये! तुह्या लाडक्या लेकीनं पाह्य काय करून ठेवलं!”

नवऱ्याची, जगदेवची, हाक आली तेव्हा चतुराबाई चुलीपाशी होती. लाकडी काठवटीत भाकरीचं पीठ मळत होती, ती पिठाच्या हातांनीच ओसरीवर धावली. गोधडीसाठी अंथरलेल्या हिरव्या लुगड्यावर मधोमध ओला डाग होता. शेजारी चिंधी मांजर पाय फाकून बसली होती. शेपटी थरथरत होती, ओरडणं पोटातून येत होतं, आणि एवढं कुंथूनही पडत होता फक्त एखादा थेंब.

लुगडं साधंसुधं नव्हतं. पाटलीण तुळसाबाईच्या गेलेल्या सासूचं होतं ते. नातवाच्या बारशाला त्याची गोधडी व्हायची होती.

“आता बास झालं,” जगदेव म्हणाला. “बजाराच्या दिवशी पोत्यात घालतो अन् रस्त्यात कुठंबी सोडून देतो.”

“बिमार हाये ती! मरून जाईन!”

“अन् गोधड्यांले वास लागला त कोण येईन आपल्या दारात?”

चतुराबाई इंझोरी गावची गोधडीवाली. अर्धं गाव तिच्या टाक्यांखाली झोपायचं. पोरी सासरी गेल्या, तेव्हापासून शिवायला बसली की अंथरलेल्या कापडावर चिंधी येऊन बसायची. चिंध्यांच्या ढिगात सापडली म्हणून चिंधी. मोठी गुणाची पोर. ओसरीच्या कोपऱ्यात राखेचं घमेलं ठेवलेलं असे, त्यातच जायची आणि वरून राख ओढायची. त्या साली वऱ्हाड नागपूरचं राज्य सोडून मुंबईच्या राज्यात गेलं; राजधानी बदलली तरी गावात काही बदललं नाही, आणि नेमकी ही शहाणी मांजर तेवढी बदलली!

चतुराबाईने लुगडं रिठ्याच्या पाण्यात धुतलं, उन्हात टाकलं, आणि ते घेऊन जाऊन स्वतःच तुळसाबाईला सांगितलं. लपवालपवी तिला जमायची नाही. तुळसाबाईने लुगडं नाकाशी नेलं.

“वास त गेला. पण पुन्हा झालं, त मी दुसऱ्या गावातून शिवून आणीन, चतुराबाई. राग नको धरू.”

चिंधीला उन्हाळी लागली होती, लघवीला जळजळ व्हायची. चतुराबाईने धने भिजवलेलं पाणी दुधात घालून पाजलं. नुसतं पाणी ती तोंडाला लावेना, म्हणून दूधच पाणचट केलं. दोन-चार दिवसांनी ओरडणं थांबलं, धार लागली. पण मेली घमेल्यात काही जाईना! घमेल्यापाशी यायची, राख हुंगायची आणि उलटपावली फिरून चिंध्यांत जाऊन बसायची.

“मुद्दाम करून राह्यली,” जगदेव म्हणाला. “मी शिकवतो तिले.” त्याने मानगूट धरून तिला घमेल्यात दाबून बसवलं. तिने त्याचा हात ओरबाडला, राख घरभर उडवली आणि दिवसभर कणगीमागून बाहेर आली नाही. झालं ते शिक्षण.

चतुराबाई भिंतीला टेकून पाहत राहिली. चिंधीने घमेल्याच्या काठावर पुढचे पाय ठेवायचे, राखेचा वास घ्यायचा आणि अंग चोरायचं. एकदम तिच्या ध्यानात आलं. “अवो, ती जिद्द नाई करत. भेली हाये ती. जवा जवा जळजळ झाली तवा ती राखेत बसली होती. तिले वाटते राखच चावते! दुधानं तोंड पोळलं त माणूस ताकबी फुकून पेते, हे त मुकं जनावर.”

“मंग?”

“मंग सारंच बदलू. राख नको, घमेलं नको, तो कोपरा नको.”

रांजणाखालच्या थंड मातीत चिंधीने एकदोनदा उकरून पाहिलं होतं. चतुराबाईने माती चाळणीने चाळून मऊ केली. आता भांडं. खापर घेतलं, तर धार बोचणारी. परात निसरडी. ठेंगण्या काठाचं, रुंद, गुळगुळीत असं घरात एकच होतं. तिची नजर चुलीपाशी गेली आणि तिथेच अडकली.

काठवट आईने दिलेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पीठ मळून मळून मधोमध तिच्या हाताएवढा खळगा पडला होता. तिने ती उचलली, पदराने पुसली. डोळे भरून आले. मग तिच्यात माती ओतली.

“डोस्कं फिरलं काय तुहं?” जगदेव ओरडला. “ज्याच्यात भाकर केली त्याच्यात मांजर मुतवतं?”

“भाकर मी परातीत करीन. तिनं कुठं जावं?”

बाजाराचा दिवस उजाडला. अंगणात बैल जुंपलेले होते, जगदेवच्या हातात रिकामं पोतं होतं. चतुराबाईने काठवट रांजणाच्या आडोशाला ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून शिवायला बसली. चारचौघं तोंडाकडे पाहत बसली की नव्या नवरीलाही घास उतरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुई चालत होती, पण टाके वाकडे पडत होते.

मागे माती खरखरली. पुन्हा खरखरली. मग गप्प. आणि मग मातीत धार पडल्याचा बारीक, लांबलचक आवाज.

“मुतली वो! माय वो, मुतली माही बाई!”

गल्लीभर आरोळी गेली. तुळसाबाई पदर सावरत धावत आली. “काय झालं? पोरगी बाळंत झाली काय?”

“नाई वो, चिंधी मुतली! काठवटीत!”

तुळसाबाई खांबाला धरून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता वाकून तिने अर्धी गोधडी चाचपली. “कोरडी ठणठणीत हाये. तूच शिवजो, बाई.”

जगदेव रिकामं पोतं गाडीत टाकून निघून गेला.

दिवेलागणीला परतला तेव्हा पोतं त्याच्या खांद्यावर होतं, भरलेलं. त्याने ते रांजणापाशी उतरवलं. आत नदीची बारीक रेती होती.

“काळी माती वाळली की कडक होते,” तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. “तिच्या पायाले मऊ पायजे.”

चतुराबाई चुलीपाशी परातीत पीठ मळत होती. परात जागेवर ठरत नव्हती, सरकत होती, दगडावर खणखणत होती. जगदेव हातपाय धुऊन आला. उभ्या जन्मात तो कधी चुलीपुढे बसला नव्हता. आज बसला, आणि मांजराने ओरबाडलेल्या हाताने परातीचा काठ गच्च धरून राहिला.